भिंत सोडून कुठेही

माझ्या मावशीच्या घरात फोटो भिंत सोडून कुठेही असायचे. दाराच्या पाठीवर असायचे, फ्रीजच्या पोटावर असायचे, कपाट उघडलं की आतून डोकवायचे. जेवणाच्या टेबलाच्या काचेखाली तर आमचं अख्खं घराणं दाटीवाटीने झोपलेलं होतं. एखाद्या पाहुण्याने आपल्याच सख्ख्या चुलत्याच्या तोंडावर चहाची बशी ठेवली, तर मावशी ती दोन बोटांनी हळूच खाली सरकवून त्यांच्या पोटावर आणायची. "श्वास तर घेऊ दे त्यांना," म्हणायची. पाहुणा चहा प्यायचा विसरून चुलत्याची माफी मागायला लागायचा.

भिंती मात्र चारही कोऱ्या. साधं कॅलेंडरसुद्धा नाही. आजची तारीख बघायची असेल तर भांड्यांच्या कपाटाचं दार उघडावं लागायचं.

याचं कारण आमचे काका. मावशीचे यजमान. सगळं शहर त्यांना 'मिस्त्री' म्हणायचं. मिस्त्री तसे शंभर असतील, पण नुसतं 'मिस्त्री' म्हटलं की तो मान काकांचा. गिलावा करावा तर काकांनीच. विटांची खडबडीत भिंत त्यांच्या हाताखालून गेली की अशी व्हायची की डॉक्टरांच्या बंगल्यात लोक दुखणं सांगायचं सोडून भिंतीवरून हात फिरवत बसायचे. काकांचं म्हणणं, "भिंतीवर हात फिरवला तर हाताला झोप लागली पाहिजे."

दुसऱ्यांच्या भिंतींवर मात्र त्यांचा फार राग. कोणाकडे गेले की आधी बोटाच्या पेराने भिंत वाजवायची, कान लावायचा, आणि मग यजमानाला सांगायचं, "पोकळ आहे. गिलाव्याने वीट धरलेली नाही. आज ना उद्या तुमच्या अंगावर येईल." त्यांच्या मुलीच्या, म्हणजे आमच्या ताईच्या सासरी आम्ही पहिल्यांदा गेलो तेव्हा व्याह्यांनी हौसेने विचारलं, "कसं वाटलं घर?" काका म्हणाले, "माणसं चांगली आहेत. जिन्याजवळची भिंत काढून टाका." मुलीने तेव्हापासून पुढची दोन वर्षं त्यांना घरी बोलावलं नाही.

असा माणूस नवरा म्हणून मिळाला तो माझ्या मावशीला, जिचा जन्म फोटोंत गेला होता.

मावशी फोटो रंगवायची. पूर्वी फोटो काळे-पांढरे असायचे आणि ज्यांना रंगीत हवे असायचे त्यांचे हाताने रंगवून द्यावे लागायचे. चौकातल्या स्टुडिओच्या मागच्या खोलीत खिडकीपाशी मावशीचं टेबल होतं. काडीला कापूस गुंडाळायचा, रंगाला जेमतेम टेकवायचा आणि नवरीच्या ओठांवरून असा न्यायचा की रंग लागला हे ओठांनाही कळू नये. तिने शहरातल्या निम्म्या लोकांना गोरं केलं. उरलेले निम्मे तिच्यावर रुसून बसले, कारण त्यांना पुरेसं गोरं केलं नव्हतं. गेलेल्या वडिलांच्या शर्टाचा रंग निळा होता की करडा, यावरून दोन भाऊ काउंटरवरच एकमेकांच्या गळपट्टीला धरायचे, आणि मावशी आतून ओरडायची, "दोन प्रती करून देते, पण कॉलर सोडा!"

लग्नानंतर तिसऱ्या वर्षी या दोघांनी घर बांधलं. आतला-बाहेरचा सगळा गिलावा काकांनी स्वतः केला. राहायला आल्यावर मावशीने पहिलं काम काय केलं असेल, तर पेटीतून लग्नाचा फोटो बाहेर काढला. तिने स्वतः मोठा करून घेतलेला, स्वतः रंगवलेला. हॉलच्या मोठ्या भिंतीसमोर उभी राहिली आणि म्हणाली, "अहो, एक खिळा द्या."

"माझ्या भिंतीला खिळा लागणार नाही," काका म्हणाले.

"का?"

"खिळा मारला की भिंत मेली."

मावशीला वाटलं नवरा थट्टा करतोय. थट्टा नव्हती. तिने दोन दिवस विनवण्या केल्या, दोन दिवस अबोला धरला, आणि पाचव्या दिवशी विचारलं, "दार कोणाचं?"

"दार सुताराचं."

"मग दारावर मारते."

सुताराच्या कामाशी काकांना काही देणंघेणं नव्हतं. लग्नाचा फोटो स्वयंपाकघराच्या दाराच्या आतल्या बाजूला लागला. तो बघायचा तर दार लावून आत उभं राहावं लागायचं. लग्न झाल्याची आठवण धुराबरोबरच यायची.

तिथून सुरुवात झाली. भिंत काकांची, बाकी जग मावशीचं. व्हरांड्यात कपड्यांची दोरी होती, तिच्या शेजारी तिने दुसरी दोरी बांधली आणि चिमट्यांनी फोटो लटकवले. एकीवर बनियन, दुसरीवर भाऊबंद. जिन्याच्या प्रत्येक पायरीच्या उभ्या फळीवर तिने मुलीचा एकेका वर्षाचा फोटो चिकटवला. जिना चढायला लागलं की ताई आपल्यासमोर मोठी होत जायची. सहाव्या पायरीला पुढचे दात पडायचे, चौदाव्या पायरीला ती कॅमेऱ्याकडे बघायचंच बंद करायची. जुन्या सायकलचं चाक तिने छताच्या कडीला आडवं टांगलं आणि एकेका तारेला एकेक नातेवाईक अडकवला. पंखा लावला की सगळे गरगर फिरायचे. ज्याला भेटायचं असेल त्याची फेरी यायची वाट बघायची. टाकून द्यायला काढलेल्या निगेटिव्ह शिवून तिने दिव्याची टोपी केली. दिवा लागला की टोपीभर काळ्या तोंडाची, पांढऱ्या केसांची माणसं उजळायची. माझ्या धाकट्या भावाने ती पहिल्यांदा पाहिली आणि आठवडाभर मावशीकडे यायला नकार दिला.

एकदा तर तिने काकांची कामाची शिडी पळवली, कोपऱ्यात टेकवून ठेवली आणि पायरीपायरीवर फ्रेमा मांडल्या. काका कामावरून आले. शिडी शोधता शोधता तिच्यासमोर येऊन उभे राहिले.

"ही माझी शिडी आहे."

"वरून दुसऱ्या पायरीवर तुमची आई आहे," मावशी म्हणाली. "उतरवा त्यांना, आणि न्या शिडी."

काकांनी दुसऱ्या दिवशी नवीन शिडी आणली.

आम्ही सगळे हसायचो. हे सांगताना मला आज स्वतःचाच राग येतो. चौतीस वर्षं आम्ही त्या घरात जायचो, मावशीच्या डोक्याचं कौतुक करायचो, "काय सुचतं गं तुला!" म्हणायचो आणि चहा पिऊन घरी यायचो. या बाईला एवढं सुचावं का लागतंय, हे आमच्यापैकी एकानेही विचारलं नाही. उलट निघताना भिंतीवरून हात फिरवून काकांना म्हणायचो, "काय भिंत आहे हो!"

आग लागली ती एका मासिकामुळे. घर कसं सजवावं हे सांगणारं गुळगुळीत कागदाचं मासिक. ताईच्या ओळखीची एक बाई त्यात लिहायची. ती आली, दिवसभर घराचे फोटो काढले, चाकाचे काढले, जिन्याचे काढले, दिव्याच्या टोपीपुढे तर लोटांगण घालायचंच बाकी ठेवलं. महिन्याभराने अंक आला. मी तो घेऊन गेले, तेव्हा मावशीने भिंग आणलं आणि खुर्चीत बसून वाचायला लागली. लेखाचं नाव होतं 'रिकाम्या भिंतींचं धाडस'. त्या बाईने लिहिलं होतं की, या घराच्या मालकांनी भिंतींना मोकळा श्वास घेऊ देण्याची सुंदर निवड केली आहे. एका कसबी कारागिराचा हा संयम आहे आणि त्याच्या पत्नीने त्याला मोठी गोड साथ दिली आहे.

मावशीने भिंग खाली ठेवलं.

"निवड?" ती म्हणाली. "कोणाची निवड?"

काका पलीकडे पेपर वाचत होते. पेपर जरा वर गेला.

"संयम! खिळा मागून मागून माझ्या जिभेला घट्टे पडले, आणि संयम यांचा? आणि मी गोड साथ देत होते? मी काय पेटीवर बसले होते?"

"अगं मावशी, चांगलंच लिहिलंय की," मी म्हटलं.

"तू गप्प बस. तू पण भिंतीलाच हात लावून जातेस."

तिने भिंग परत उचललं. थोड्या वेळाने ती जरा वेगळ्या आवाजात म्हणाली, "आणि हे छापलंय पण कसं? प्रत्येक शब्दाचं मधलं अक्षर उडालंय." मी अंक हातात घेतला. अक्षरं सगळी जागच्या जागी होती.

दुसऱ्या दिवशी मी तिला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर चांगले होते, म्हणजे खरं सांगणारे होते. डोळ्याच्या पडद्याच्या मधोमध बिघाड सुरू झालाय, म्हणाले. कडेचं दिसत राहील, चालता-फिरता येईल, पण जिथे नजर लावाल नेमकं तेच पुसट होत जाईल. अक्षरं जातील, मग चेहरे. औषधाने वेग कमी होईल, थांबणार नाही.

"किती दिवस?" मावशीने विचारलं.

"वर्षभर चांगलं जाईल असं धरा."

जन्मभर चेहरे रंगवलेल्या बाईला हे सांगितलं गेलं, आणि ती पर्स बंद करून उठली. रिक्षात एवढंच म्हणाली, "नाकाचा शेंडा रंगवायला सगळ्यात अवघड. आता तोच आधी जाणार."

घरी आल्यावर तिने चप्पल काढायच्या आधी काकांना सांगितलं, "खुर्चीसमोरची भिंत मला द्या."

"कशाला?"

"फोटो लावायचेत. सगळे. मी बसले की एका नजरेत दिसले पाहिजेत."

"दोरीवर आहेत की."

"दोरीवर हलतात."

"टेबलावर आहेत."

"टेबलावर वाकावं लागतं. दारावरचे बघायला दार लावावं लागतं, कपाटातले बघायला कपाट उघडावं लागतं, आणि माझा सख्खा भाऊ बघायचा तर पंखा फिरायची वाट बघावी लागते! चौतीस वर्षं माझ्याच माणसांना भेटायला मी उठाबशा काढतेय. आता मला बसून बघायचंय. दिसतंय तोवर. डॉक्टर काय म्हणाले, सांगितलं ना हिने तुम्हाला फोनवर?"

"सांगितलं."

"मग?"

काकांचा चेहरा मी त्या दिवशी नीट बघितला. तो हट्टी माणसाचा चेहरा नव्हता. चोरी पकडली जाईल म्हणून घाबरलेल्या माणसाचा होता. पण तेव्हा मला ते कळलं नाही, मला फक्त संताप आला.

"भिंतीला खिळा नाही," काका म्हणाले आणि उठून बाहेर गेले.

"बरं," मावशी म्हणाली.

माझ्या मावशीचा आरडाओरडा मला चालतो. तिच्या 'बरं'ची मला भीती वाटते. त्या संध्याकाळपासून तिने घर उतरवायला घेतलं. दोरी सोडली, चाक खाली आणलं, काचेखालचे फोटो काढले, जिन्याच्या पायऱ्या सुरीने खरवडल्या. एकतीस फोटो निवडून फ्रेमा करायला टाकले, बाकीचे पेटीत भरले. फ्रीज पांढरा, दारं लाकडी, टेबल काचेचं. दवाखान्याच्या बाहेरची खोली असते तसं घर झालं. मिळाला भिंतींना मोकळा श्वास. काका तीन दिवस त्या घरात हात बांधून हिंडत होते आणि जेवताना ताटाशेजारच्या रिकाम्या काचेकडे बघत होते.

चौथ्या दिवशी सकाळी मावशीचा फोन आला. "हातोडी आहे का तुझ्याकडे?"

"काकांकडे असतील की पाच."

"त्यांची नकोय मला."

मी हातोडी घेऊन गेले. काका भाजी आणायला गेले होते. तिने तिची वेळ बरोबर साधली होती. फ्रेमा येऊन पलंगावर पडल्या होत्या. मावशीने खुर्ची भिंतीपाशी ओढली, वर चढली, तीन इंची खिळा भिंतीला लावला आणि मारला.

खिळा बिस्किटात शिरावा तसा शिरला. मावशीने माझ्याकडे बघितलं. मी तिच्याकडे. शहरातल्या सगळ्यात भारी मिस्त्रीची भिंत, आणि ही अशी? तिने दुसरा घाव घातला. खिळ्यापासून एक रेघ निघाली, वर छताला गेली, खाली खिडकीला गेली. "मावशी, उतर," मी म्हणाले आणि तिचा हात धरून ओढलं. आम्ही मागे सरतोय तोच भिंतीने एक लांब सुस्कारा सोडला आणि दाराएवढा गिलाव्याचा पापुद्रा अख्खा खाली आला.

धूळ बसली तेव्हा आतल्या विटा दिसल्या. कोरड्या, लाल, स्वच्छ. चौतीस वर्षांत त्यांना गिलाव्याचा कण चिकटलेला नव्हता.

मावशी पुढे झाली आणि हातोडीच्या दांड्याने उरलेली भिंत वाजवत गेली. या टोकापासून त्या टोकापर्यंत. मला गिलाव्यातलं काही कळत नाही, पण रिकामा डबा वाजवल्यावर कसा वाजतो ते कळतं.

दारात काका उभे होते. हातात भाजीची पिशवी. ती ठेवायला टेबल समोर होतं, पण ते पिशवी घेऊनच जमिनीवर बसले.

"कधी कळलं होतं तुम्हाला?" मावशीने विचारलं.

"वाळल्यावर. महिन्याभरात."

"महिन्याभरात!"

"तेव्हा डॉक्टरांच्या बंगल्याचं काम चालू होतं," काका पिशवीकडे बघत म्हणाले. "दिवसभर तिथे राबायचो. संध्याकाळी येऊन इथलं करायचो. विटा भिजवायला हव्या होत्या. कोरड्या विटेने गिलाव्यातलं पाणी पिऊन टाकलं. वाळूही धुतलेली नव्हती, उरलीसुरली होती. म्हटलं, आपलंच घर आहे. चालतंय."

"आपलंच घर आहे, चालतंय," मावशीने सावकाश म्हटलं.

"काढून परत करायची होती. पण काढायला घेतली असती तर आवाज झाला असता, मलबा बाहेर पडला असता. मिस्त्रीने स्वतःची भिंत फोडली म्हटल्यावर लोक—"

"लोक! लोक राहतात माझ्या हॉलमध्ये?"

"डॉक्टरांनी काम काढून घेतलं असतं."

"मग दोन वर्षांनी करायचीत. पाच वर्षांनी करायचीत. रंग लावायच्या वेळी करायचीत. आणि मला काय सांगितलंत? खिळा मारला की भिंत मरते. मेलेलीच होती ती! मेलेल्या भिंतीला तुम्ही चौतीस वर्षं पावडर लावून बसवलीत, आणि मला तिच्यापुढे दबकून चालायला लावलंत!"

मावशीचा आवाज खाली आला, आणि तो खाली आल्यावर मला जास्त भीती वाटली.

"मला काय वाटायचं माहितेय? दुसऱ्यांच्या घरात तुम्ही गिलावा करता. तिथे लोक खिळे मारतात. मी रंगवलेले फोटो लावतात. मी बघितलेत. तुम्ही कधी कोणाला नाही म्हणाला नाहीत. मग माझ्याच घरात का नाही? मला वाटायचं, यांना माझं काम खिळ्याच्या लायकीचं वाटत नाही. तोंडावर बोलवत नाही म्हणून भिंतीचं नाव पुढे करतायत. प्रत्येक फोटो दोरीला लावताना हे वाटायचं मला. प्रत्येक."

"तसं नव्हतं गं," काका म्हणाले.

"अरे, मग एकदा सांगायचंस ना मला!"

मावशीने काकांना अरे-तुरे केलेलं मी जन्मात पहिल्यांदा ऐकलं. काकांनीही. त्यांनी मान वर केली, आणि परत खाली घातली.

"मी कोणाला सांगितलं असतं का?" ती म्हणाली. "आपण दोघांनी मिळून लपवली असती की. मी स्वतः त्या भिंतीवर पडदा लावला असता."

ती स्वयंपाकघरात गेली आणि दार लावून घेतलं. त्या दाराच्या आतल्या बाजूला आता लग्नाचा फोटो नव्हता.

दुसऱ्या दिवशी तिने माझ्यामार्फत निरोप दिला. काका तिच्यापासून चार हातांवर बसले होते, तरी माझ्यामार्फत. "त्यांना सांग, भिंत काढायची. स्वतः काढायची. दिवसाउजेडी, आणि पुढचं दार उघडं ठेवून."

"काका, दिवसाउजेडी—"

"ऐकलं," काका म्हणाले.

अडुसष्ट वर्षांच्या माणसाने छिन्नी घेतली आणि उघड्या दाराशी भिंत फोडायला बसला. रस्त्यावरून जाणारा प्रत्येक जण थांबायचा. "काय मिस्त्री, काय झालं?" पहिल्या दिवशी काका म्हणत होते, "ओल आली होती." मावशी आतून खाकरायची. दुसऱ्या दिवसापासून ते सांगायला लागले, "पोकळ होती. मीच केली होती." त्यांच्या हाताखाली शिकलेला, आता मोठा ठेकेदार झालेला एक जण गाडीतून उतरून धावत आला. "मिस्त्री, सोडा हो, मी चार माणसं पाठवतो."

"नको," काका म्हणाले.

"अहो, वय काय तुमचं!"

"करू दे त्यांना," मावशी आतून म्हणाली. "हात चांगला आहे त्यांचा. शहर म्हणतं."

विटा उघड्या झाल्यावर मावशी कामाला लागली. तिने एकतीस फ्रेमांच्या मापाचे एकतीस कागद कापले आणि ते विटांवर चिकटवून दोन दिवस खुर्चीत बसून फक्त हे इकडे, ते तिकडे करत राहिली. ती बोट दाखवायची, मी कागद हलवायचे. कोण कोणाशेजारी शोभेल याचा विचार आधी, आणि कोण कोणाशी बोलत नाही याचा नंतर. दोन आत्या तिने मुद्दाम दोन टोकांना ठेवल्या. मनासारखं झाल्यावर प्रत्येक कागदाच्या डोक्यावर खडूने फुली मारली.

"त्यांना सांग, जिथे फुली तिथे विटेत लाकडाची गुट्टी ठोकायची आणि मग गिलावा करायचा. खिळा गुट्टीत बसला की भिंत मरत नाही. मी सुताराला विचारलंय."

काकांनी फुल्या मोजल्या. "एवढ्या?"

"अजून जिना राहिलाय म्हणावं," मावशी म्हणाली.

या वेळी काकांनी विटा दोन दिवस भिजवल्या. वाळू चाळली, धुतली, परत चाळली. गिलावा झाल्यावर तीन आठवडे सकाळ-संध्याकाळ भिंतीला पाणी मारायचं होतं. त्याच वेळेला मावशीच्या डोळ्यांत थेंब घालायचे असायचे. एक जण भिंत भिजवायचा, एक जण डोळे, आणि दोघांत अक्षराने बोलणं नाही.

"तीन आठवडे थांबायला हवं का?" मी काकांना विचारलं.

"आज खिळा मारला तर परत तीच गत होईल."

"माझ्या डोळ्यांनाही सांग म्हणावं, तीन आठवडे थांबा," मावशी म्हणाली.

डोळे थांबले नाहीत. त्या तीन आठवड्यांत एक नवीनच प्रकार सुरू झाला. सरळ रेघा वाकड्या दिसायला लागल्या. दाराची चौकट मध्येच पोट काढून उभी राहायची, खिडकीचे गज लाटा मारायचे. डॉक्टर म्हणाले, हे असं होतं.

फोटो लावायच्या दिवशी मावशी खुर्चीत बसली. काकांनी धुतलेला सदरा घातला होता. त्यांनी पहिली फ्रेम टांगली, खिशातून ओळंबा काढला, दोरी सोडली, वजन स्थिर होईपर्यंत थांबले आणि फ्रेम केसभर सरकवली. "झालं."

"वाकडी आहे," मावशी म्हणाली. मला म्हणाली.

"ओळंब्यात आहे," काका म्हणाले. मला म्हणाले.

"मला वाकडी दिसतेय. उजवी बाजू वर घ्यायला सांग."

काकांनी ओळंब्याकडे बघितलं, मग फ्रेमकडे. त्यांच्या अख्ख्या आयुष्यात त्यांनी एक वीट ओळंब्याबाहेर जाऊ दिली नव्हती. उजवी बाजू वर घेतली.

"अजून."

अजून घेतली. आता फ्रेम दारू प्यायल्यासारखी दिसत होती.

"आता सरळ झाली," मावशी म्हणाली. "तशीच राहिली पाहिजे."

एका खिळ्यावर टांगलेली फ्रेम तिरकी राहत नाही, हात काढला की घसरून सरळ होते. काकांनी खाली एक बारीक खिळा मारून तिला टेकू दिला. मग दुसरी फ्रेम. मग तिसरी. प्रत्येकीला वर एक खिळा, खाली एक. डावीकडच्या फ्रेमा डावीकडे झुकल्या, मधल्या उजवीकडे, आणि मावशीचा तो एरवी चाकावर फिरणारा भाऊ तर पडता पडता थांबल्यासारखा. बाकी सगळे घाईघाईने कुठेतरी निघाल्यासारखे. संध्याकाळपर्यंत त्या भिंतीत बासष्ट खिळे गेले, आणि एक कणही खाली पडला नाही.

मावशी बोलायला लागली का? नाही. 'मीठ द्या' एवढं बोलते. चौतीस वर्षांचं आहे, चौतीस दिवसांत कसं जाईल?

मागच्या आठवड्यात तो ठेकेदार नवी भिंत बघायला आला. पेराने वाजवली, कान लावला, मान डोलावली. "झकास, मिस्त्री. एकदम भरीव. पण हे फोटो..." आणि हात पुढे करून तो एक फ्रेम सरळ करायला गेला.

"हात लावू नकोस!" काका एवढ्या मोठ्यांदा ओरडले की मी दचकले.

"अहो, तिरकी आहे."

"सरळ आहे."

"मिस्त्री, ओळंबा लावून बघा—"

"ओळंब्याला काय कळतंय!" काका म्हणाले आणि त्याच्या आणि भिंतीच्या मध्ये जाऊन उभे राहिले.

ठेकेदार माझ्याकडे बघायला लागला. मी मावशीकडे बघितलं. ती खुर्चीत पुढे सरकून, मान एका बाजूला कलती करून समोर बघत होती.

"बाजूला व्हा दोघं," ती म्हणाली. "माझ्या आड येताय."